होडीला हात

श्रोतेहो, आज मी तुम्हाला एका इंग्रज संगीतकाराच्या सोळा-सतरा मिनिटांच्या रचनेविषयी सांगणार आहे. संगीतकाराचं नाव बेंजामिन ब्रिटन आणि रचनेचं नाव 'फोर सी इंटरल्यूड्स'. मराठीत म्हणायचं तर समुद्राचे चार मधले तुकडे. श्रीवर्धनला राहून मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला विलायती वाद्यवृंदाचं काय पडलंय, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर सोपं आहे. ही रचना समुद्राकाठच्या एका लहान गावाची आहे. कोळ्यांचं गाव, एकमेकांना नावानं आणि कुळासकट ओळखणारं, दिवसभर वाळूवर जाळी विणणारं आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या घरातलं बोलणारं. असं गाव मला परकं कसं वाटावं?

दुसरं कारण आपल्या या माध्यमाशी जोडलेलं आहे. या रचनेचं मूळ रेडिओवरच्या एका भाषणात आहे. १९४१ साली महायुद्ध ऐन भरात असताना ई. एम. फॉर्स्टर या लेखकानं बीबीसीवर जॉर्ज क्रॅब नावाच्या जुन्या कवीविषयी भाषण केलं. रेडिओवरची भाषणं छापणारं 'द लिसनर' नावाचं साप्ताहिक तेव्हा निघत असे. त्यात ते मे महिन्यात छापून आलं. तो अंक अमेरिकेत, थेट कॅलिफोर्नियात, सत्तावीस वर्षांच्या ब्रिटनच्या हाती लागला. त्यानं तो वाचला आणि त्याच्या मनानं दोन गोष्टी घेतल्या. या कवीच्या गोष्टीवर ऑपेरा करायचा आणि आपल्या गावाकडं परत जायचं. बोललेला शब्द हवेत विरतो असं आपण म्हणतो. पण कुणीतरी तो छापतो आणि तो सातासमुद्रापार कुणाच्या तरी हाती लागतो.

हा फॉर्स्टर आपल्यालाही अगदीच अनोळखी नाही. देवास थोरली पाती हे माळव्यातलं मराठा पवारांचं संस्थान. तिथं तो १९१२-१३ च्या प्रवासात येऊन गेला आणि पुढं १९२१ साली तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून राहिला. मराठी दरबार, तिथली गोकुळाष्टमी, तिथले मानपान यांवर त्यानं 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक लिहिलं, ते १९५३ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी १९२४ साली त्याची 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी आली होती. तिच्यात डॉक्टर अझीझ नावाच्या मुसलमान तरुणावर एक आळ येतो. खटला उभा राहण्याआधीच क्लबातल्या साहेबमंडळींचा निकाल लागून गेलेला असतो. ज्या लेखकानं ही गोष्ट सांगितली, त्याच्याच भाषणातून पुढं पीटर ग्राइम्सची गोष्ट निघाली. त्यालाही गावानं कोर्टाआधी दोषी ठरवलं होतं. हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

जॉर्ज क्रॅब १७५४ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ऑल्डबरा या गावी जन्मला. आधी तो वैद्यकी करी, पुढं पाद्री झाला. १८१० साली त्यानं 'द बरो' नावाचं दीर्घ काव्य लिहिलं. त्यात गावातली माणसं एकेक करून येतात आणि त्यांतला एक कोळी म्हणजे पीटर ग्राइम्स. क्रॅबचा ग्राइम्स सरळसरळ दुष्ट आहे. अनाथालयातून कामाला आणलेल्या पोरांना तो मारतो, उपाशी ठेवतो, आणि एकामागून एक तीन पोरं दगावतात. ब्रिटननं आणि त्याचा लेखक मित्र माँटेग्यू स्लेटर यानं हा माणूस बदलला. त्यांचा ग्राइम्स तापट आहे, हात उगारणारा आहे, पण आभाळाकडं बघून बोलणाराही आहे. तो खुनी आहे की दैवाचा मारलेला, हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही.

हा बदल त्यानं का केला, हे ब्रिटनचं आयुष्य पाहिलं की कळतं. त्याचा जन्म १९१३ चा, लोस्टॉफ्टचा. घराच्या समोरच समुद्र. युद्धाला त्याचा तत्त्वतः विरोध होता. १९३९ साली तो अमेरिकेला गेला तेव्हा मायदेशी अनेकांनी त्याला पळपुटा म्हटलं. १९४२ साली परतल्यावर, शस्त्र उचलणार नाही असं सांगत त्याला न्यायाधिकरणापुढं उभं राहावं लागलं. त्याला सूट मिळाली, पण बॉम्ब पडत असलेल्या देशात अशा माणसाकडं शेजारी कशा नजरेनं पाहत असतील ते सांगायला नको. शिवाय गायक पीटर पिअर्स हा त्याचा जन्माचा जोडीदार होता, आणि इंग्लंडमध्ये असं नातं १९६७ पर्यंत कायद्यानं गुन्हा होतं. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांचं वजन त्याला रोजच उचलावं लागत होतं. ७ जून १९४५ रोजी, युरोपातलं युद्ध थांबून महिना होत असताना, लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरात हा ऑपेरा लागला आणि ग्राइम्सचं काम पिअर्सनंच केलं.

आता गोष्ट थोडक्यात सांगतो. सुरुवातीलाच चौकशी चालू आहे. ग्राइम्सच्या होडीत कामाला असलेला पोरगा समुद्रात पाण्यावाचून मेला आहे. निकाल लागतो की हा अपघात होता. पण वकीलसाहेब वर सल्ला देतात की आता दुसरा पोरगा ठेवू नकोस. म्हणजे सुटलाही आणि सुटला नाहीही. गावाला तेवढं पुरतं. एलन नावाची शिक्षिका तेवढी त्याच्या बाजूनं उभी राहते. दुसरा पोरगा येतो. त्याच्या मानेवर वळ दिसतो. एलन जाब विचारते तर ग्राइम्स तिच्यावरही हात टाकतो. गाव ढोल वाजवत त्याच्या झोपडीवर चालून जातं. त्या घाईत कड्यावरून उतरताना पोरगा घसरून पडतो आणि मरतो. पुढं ग्राइम्सचा शोध, धुकं, आणि धुक्यातून त्याच्या नावानं येणाऱ्या हाका. शेवटी एक म्हातारा कप्तान त्याला सांगतो, होडी घे, लांब जा आणि बुडव. तो जातो. सकाळ होते. कुणीतरी सांगतं की दूर एक होडी बुडताना दिसली. गाव ती एक अफवा म्हणून सोडून देतं आणि आपापल्या कामाला लागतं.

आपल्या संगीत नाटकात प्रवेश बदलताना पडदा पडे आणि तेवढा वेळ साथीदार वाजवत राहत, प्रेक्षक पानतंबाखूला उठत. ऑपेरातही प्रवेशांच्या मध्ये असं वादन असतं. ब्रिटननं त्या रिकाम्या जागी समुद्र आणून ठेवला. गायक नाहीत, शब्द नाहीत, नुसती वाद्यं. यांतले चार तुकडे त्यानं वेगळे काढून मैफलीसाठी जोडले. त्यांची नावं पहाट, रविवारची सकाळ, चांदणं आणि वादळ. ऑपेरा लागला त्याच महिन्यात, १३ जून १९४५ ला, चेल्टनममध्ये ते स्वतः ब्रिटनच्या नेतृत्वाखाली वाजले.

पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण मी घेतलेलं नाही. तरी सांगतो, ही रचना ऐकताना समेची वाट पाहू नका, राग शोधू नका. समुद्रावर उभं राहिल्यासारखं उभं राहा. पहाटेच्या तुकड्यात तीनच गोष्टी आहेत. व्हायोलिन आणि बासरी अगदी वरच्या पट्टीत एक बारीक सूर धरतात, ती पाण्यावरची उजेडाची पहिली रेघ. मग क्लॅरिनेट, हार्प आणि व्हायोला झरकन वरखाली धावतात, ती पुळणीवरून मागं सरकणारी लाट. आणि खालून पितळी वाद्यांचे जड स्वर येतात, तो खोल दर्या. तिन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. जीवना बंदरावर पहाटे उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. उजेड, लाट आणि खोली तिथं अशाच वेगवेगळ्या दिसतात.

रविवारच्या सकाळी हॉर्न नावाची पितळी वाद्यं एकमेकांवर आदळत घंटांसारखी वाजतात, वर लाकडी वाद्यांची पाखरं किलबिलतात. प्रसन्न संगीत आहे. पण ऑपेरात ते कुठं येतं ते बघा. गाव चर्चमध्ये प्रार्थना करतंय आणि त्याच वेळी बाहेर एलनला पोराच्या मानेवरचा वळ दिसतो. आत दयेची याचना आणि बाहेर दया नाही. प्रार्थनास्थळ कुठलंही असो, हे दृश्य मला फार जवळचं वाटतं. आपण आत काय म्हणतो याची परीक्षा पायरीवर चप्पल घालताना होते.

चांदण्याचा तुकडा आमच्या भावगीतांतल्या चांदण्यासारखा नाही. खालचे स्वर जड श्वासासारखे फुगतात, थांबतात, पुन्हा फुगतात. मध्येच बासरी आणि हार्पचा एखादा थेंब चमकतो. हे वाजतं तेव्हा पोरगा मेलेला असतो आणि गावाला अजून ठाऊक नसतं. गावात नाच चालू असतो. चंद्राला दिसतंय ते माणसांना दिसत नाही. आणि शेवटी वादळ. ऑपेरात ते पहिल्या अंकातच येतं, मैफलीत ब्रिटननं ते शेवटी ठेवलं आहे. ढोल, पितळ, सगळा वाद्यवृंद अंगावर येतो. पण शेवटाकडं हा गदारोळ ओसरतो आणि एक रुंद, शांत सूर वर येतो. तो ग्राइम्सचा आहे. विसाव्याचं बंदर कुठं आहे, असं तो विचारत असतो. त्याचं उत्तर न देता वादळ पुन्हा कोसळतं आणि रचना संपते.

या ऑपेरात एक लहान जागा आहे. टीकाकार तिच्याविषयी फार लिहीत नाहीत, पण किनाऱ्यावरचा माणूस ती विसरणार नाही. ग्राइम्स समुद्रावरून येतो आणि होडी वर ओढायला हात द्या म्हणून हाक मारतो. कुणी हलत नाही. जमलेली माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करतात. अखेर दोघेजण पुढं होतात. होडी एकट्याला ओढत नाही हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. ओहोटी लागलेली असते, ओल्या वाळूत होडी रुतते, आणि हाक मारली की जो असेल तो येतो. वैर असलेलाही येतो. आपल्याकडं म्हणून कुणाला गावाबाहेर काढायचं तर त्याला मारावं लागत नाही. होडीला हात लावायचा नाही, एवढं ठरलं की पुरे.

याला आपण वाळीत टाकणं म्हणतो. रायगड जिल्ह्याला हा शब्द नवा नाही. गावकीनं एखाद्या घराशी बोलणं तोडायचं, दुकानातून सामान द्यायचं नाही, लग्नाला बोलवायचं नाही, मयताला जायचं नाही, अशी प्रकरणं या जिल्ह्यातून इतकी बाहेर आली की महाराष्ट्राला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१६ साली विधिमंडळानं तो मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. सामाजिक बहिष्कारासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. याचा अभिमान वाटतो आणि तो करण्याची पाळी आली याचं वाईटही वाटतं. रंगभूमीवर विजय तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये गंमत म्हणून भरवलेला खटला बेणारेबाईंच्या गळ्याशी कसा येतो ते दाखवलं होतं. ब्रिटनचा वाद्यवृंद तेच सांगतो. माणसं एकेकटी बरी असतात, पण एका सुरात बोलू लागली की त्यांच्यातलं काहीतरी हरवतं.

आता मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये आमच्या तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरवलं गेलं. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. २५७ माणसं गेली. खटला वर्षानुवर्षं चालला आणि २००६-०७ मध्ये विशेष न्यायालयानं शंभर जणांना दोषी ठरवलं. त्यांत या किनाऱ्यावरची माणसं होती आणि काही सरकारी सेवकही होते. यातलं काहीही लपवण्यासारखं नाही, लपवूही नये.

तेव्हा मी बीए होऊन मुंबईत नोकरी शोधत होतो. भाड्याच्या खोलीसाठी गेलो की नाव विचारत, मग गाव विचारत. श्रीवर्धन म्हटलं की समोरचा माणूस थोडा थांबे आणि खोली नुकतीच गेली असं सांगे. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव, रोठा सुपारीचं गाव ही आमची ओळख एका महिन्यात पुसली गेली. मी त्या माणसांना फार दोष देत नाही. मुंबईत कुणाचं ना कुणाचं कुणी गेलं होतं.

पण गावात जे पाहिलं ते जास्त लागलं. आमच्या मोहल्ल्यातल्या एका माणसाला चौकशीसाठी नेलं आणि काही दिवसांनी सोडून दिलं. आरोप नाही, कागद नाही. तो परत आला तर चहाच्या टपरीवर त्याच्या बाकड्यावर कुणी बसेना. हिंदू बसत नव्हते आणि मुसलमानही बसत नव्हते. मुसलमान तर जास्तच लांब, कारण त्यांना स्वतःची भीती होती. सुटलाही आणि सुटला नाहीही. ज्याच्या पडावावर तो जायचा त्या तांडेलानं दुसरा खलाशी घेतला. वर्षभरानं तो घर बंद करून निघून गेला. पुढं त्याचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. पुष्कळ वर्षांनी या ऑपेराचा शेवट मला कळला, दूरवर बुडणारी होडी आणि गावाचं कामाला लागणं, तेव्हा ते बंद घर माझ्या डोळ्यांपुढं आलं.

ब्रिटनच्या ऑपेरात तो दुसरा पोरगा एक शब्दही बोलत नाही. फक्त पडताना त्याची किंकाळी ऐकू येते. ज्याच्या नावानं सारं गाव पेटतं, त्याला गावातल्या कुणी, तुला काय हवंय, असं विचारलेलं नसतं. मला वाटतं हाच या कलाकृतीचा गाभा आहे. संशयानं पेटलेली गर्दी गेलेल्यांना न्याय देत नाही. मुंबईत गेलेल्या २५७ जणांची बाजू घेणं म्हणजे पुरावा, साक्ष, निकाल यांची बाजू घेणं. बाकड्यावरून उठून जाण्यानं त्यांना काहीच मिळालं नाही. आणि ग्राइम्स काही धुतल्या तांदळासारखा नाही, हेही ब्रिटन विसरू देत नाही. निर्दोष माणसाच्या बाजूनं उभं राहणं सोपं असतं. ज्याच्याविषयी खात्री नाही, त्याला नीट ऐकून घेण्याइतका धीर गावात आहे का, असा त्याचा प्रश्न आहे.

गाव दुसऱ्या तऱ्हेनंही वागू शकतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक. त्यात करोनाची टाळेबंदी, माणसानं माणसाजवळ जायचं नाही असे दिवस. दुपारपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ धरायला सात-आठ वर्षं लागतात, म्हणजे एका दुपारी लोकांची पुढली कित्येक वर्षं गेली. त्या रात्री ज्याच्या घरावर छप्पर उरलं होतं त्याच्याकडं बाकीचे गेले. कोण कुणाचा हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची झाडं तोडायला जो तो आपली कोयती घेऊन आला. वादळाचं संगीत भीषण असतं खरं, पण वादळात माणसं होडीला हात लावतात. अडचण वादळ ओसरल्यावर सुरू होते, पंचनामे होतात, कुणाला किती मिळाले याची कुजबुज होते. रविवारची सकाळ उजाडते.

ऑपेरा लोकप्रिय झाल्यावर ब्रिटन जगात कुठंही राहू शकला असता. १९४७ साली तो राहायला गेला तो ऑल्डबऱ्यालाच, ज्या गावावरून त्यानं हा निर्दय गाव उभा केला होता. पुढच्याच वर्षी त्यानं तिथं संगीतमहोत्सव सुरू केला. तो आजही दर जूनमध्ये भरतो. १९७६ साली तो तिथंच वारला आणि तिथल्याच चर्चच्या आवारात त्याला पुरलं. त्याच्या जन्मशताब्दीला, २०१३ साली, गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत ऑल्डबऱ्याच्या पुळणीवरच 'पीटर ग्राइम्स'चा प्रयोग झाला. मागं खरा समुद्र होता. आपल्याविषयी असं लिहिणाऱ्याला आपल्यात ठेवून घेणं आणि त्याचं ऐकत राहणं, हेही गावाचंच मोठेपण.

मला कुणी कुणी विचारतं की एवढं सगळं पाहून तुम्ही श्रीवर्धनलाच का राहता. माझं उत्तर असं की ज्या गावाचे दोष आपल्याला तोंडपाठ आहेत तेच आपलं गाव. श्रोतेहो, ही सोळा मिनिटं कधी मिळाली तर जरूर ऐका, आता ती मोबाईलवरही मिळतात. शक्य असेल तर पुळणीवर बसून ऐका, एक कान मोकळा ठेवून. समोर एखादी होडी येत असेल आणि कुणी हाक मारली, तर रचना तिथंच थांबवा आणि जा. ब्रिटनला राग येणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)